जकार्ताचे स्वातंत्र्यस्मारक : मनोऱ्याखालील इतिहास

स्वातंत्र्य मिळालेले प्रत्येक राष्ट्र आपल्या राजधानीत कुठे ना कुठे एखादे स्मारक उभारते. त्याची उंची किती, खर्च किती आला, त्यावर सोने किती चढविले, असे प्रश्न प्रवासी विचारतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हे स्मारक उभारण्यापूर्वी त्या लोकांनी काय काय केले? स्मारकात कोणती गोष्ट मोलाची म्हणून जपून ठेवली? आणि कोणती गोष्ट सांगायची टाळली? या तीन प्रश्नांच्या आधारे इंडोनेशियाच्या राष्ट्रीय स्मारकाची ओळख पालक बंधुभगिनींना व विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंडोनेशिया म्हणजे सतरा हजारांहून अधिक बेटांचा देश. तेथे शेकडो भाषा बोलल्या जातात. लोकसंख्येपैकी शंभरात सुमारे सत्त्याऐंशी लोक मुसलमान आहेत. बाकीचे ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध व अन्य धर्मांचे. तेथे इस्लाम प्रामुख्याने व्यापाऱ्यांबरोबर आणि सूफी उपदेशकांबरोबर पोचला. जावा बेटावरील ग्रेसिक येथे मौलाना मलिक इब्राहिम यांची १४१९ सालची कबर आहे. तिचा कोरीव दगड गुजरातेतील खंभातच्या घडणीचा आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आणि त्या बेटांचा संबंध किती जुना, याची तो दगड आजही साक्ष देतो.

राजाचा चौक

जकार्ता शहराच्या मध्यभागी जवळजवळ एक चौरस किलोमीटरचे विस्तीर्ण मैदान आहे. त्याचे नाव मर्देका चौक. मर्देका म्हणजे स्वातंत्र्य. हा शब्द मूळ संस्कृत 'महर्द्धिक' या शब्दापासून आला. महर्द्धिक म्हणजे मोठ्या ऋद्धीचा, थोर व समृद्ध पुरुष. बेटांच्या बोलीत जाऊन त्याचा अर्थ बदलला. जो कोणाचा गुलाम नाही, ज्याची दास्यातून सुटका झाली, त्याला मर्देका म्हणू लागले. पुढे विसाव्या शतकात तोच शब्द साऱ्या राष्ट्राच्या मुक्ततेसाठी वापरला गेला.

या मैदानाला पूर्वी 'कोनिंग्स्प्लेन' म्हणत. डच भाषेत त्याचा अर्थ राजाचा चौक. डच म्हणजे आपल्या बखरींतील वलंदेज. १६१९ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने जयकर्ता हे बंदर जिंकून जाळले आणि त्या जागी बाताव्हिया हे शहर वसविले. कंपनीचा आशियातील सारा कारभार तेथून चाले. आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. त्या वखारीचे वरिष्ठही बाताव्हियालाच बसत. चौकाभोवती गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले होते आणि गव्हर्नर जनरलचा वाडा होता. एतद्देशीय माणूस तेथे असे तो बहुधा नोकर म्हणून.

आज त्याच चौकात १३२ मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. 'मोनुमेन नासिओनाल' हे त्याचे पूर्ण नाव. लोक त्याला थोडक्यात 'मोनास' म्हणतात. पण मनोऱ्याकडे जाण्याआधी त्याच्या पायाच्याही खाली असलेल्या इतिहासाकडे वळू या.

आधी शाळा

मनोऱ्याच्या तळाशी, जमिनीखाली तीन मीटरवर, ८० मीटर लांब व तितकेच रुंद असे एक दालन आहे. त्याच्या भिंतींतून काचेआड देशाच्या इतिहासातील प्रसंग लहान लहान पुतळ्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत. असे ५१ देखावे आहेत. त्यांत लढाया आहेत, राजे आहेत, बंडे आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभाचे देखावे पाहिले तर तलवारी कमी होतात आणि वर्ग, फळे व पुस्तके दिसू लागतात. त्यांतून चार-पाच नावे विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावीत.

पहिले नाव कार्तिनीचे. जावातील जेपारा येथील एका सरदार घराण्यात ती १८७९ साली जन्मली. बाराव्या वर्षी घरच्या रिवाजाप्रमाणे तिची शाळा बंद झाली आणि ती चार भिंतींत कोंडली गेली. तिने हार मानली नाही. मिळतील ती पुस्तके वाचली, हॉलंडमधील मैत्रिणींना पत्रे लिहिली आणि मुलींसाठी घरातच एक लहानशी शाळा काढली. १९०४ साली पहिल्या बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती वारली. तेव्हा ती अवघी पंचवीस वर्षांची होती. तिची पत्रे १९११ साली पुस्तकरूपाने निघाली आणि त्यांच्या प्रेरणेने मुलींच्या शाळा निघू लागल्या. तिचा जन्मदिवस, २१ एप्रिल, आजही देशभर साजरा होतो.

दुसरा प्रसंग २० मे १९०८ चा. बाताव्हियाच्या वैद्यकीय विद्यालयातील तरुण विद्यार्थ्यांनी 'बुदी उतोमो' नावाची संघटना स्थापली. तिची पहिली मागणी राज्य नव्हते, शिक्षण होते. हा दिवस तेथे राष्ट्रीय जागृतीचा दिवस मानला जातो.

तिसरे नाव अहमद दहलान यांचे. हे योग्यकर्ता येथील मोठ्या मशिदीच्या खतीबांचे चिरंजीव. मक्केत राहून त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला होता. परत आल्यावर त्यांनी घरच्याच खोलीत बाके व फळा मांडून मुले बसविली, आणि दीनी तालीम व गणित-भूगोल ही एकाच छपराखाली शिकवायला आरंभ केला. लोक रागावले. बाकांवर बसणे ही काफिरांची नक्कल आहे, असे त्यांना म्हणण्यात आले. त्याआधी किब्ल्याची दिशा शास्त्राप्रमाणे दुरुस्त केली म्हणून त्यांचे लहानसे प्रार्थनागृह पाडण्यातही आले होते. तरी त्यांनी वाद वाढविला नाही आणि काम सोडले नाही. १८ नोव्हेंबर १९१२ रोजी त्यांनी 'मुहम्मदिया' ही संस्था स्थापिली. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. ते विद्यार्थ्यांना रोज सूरह माऊनच शिकवीत. विद्यार्थी कंटाळले व म्हणाले, ही तर आम्हांला पाठ झाली. दहलान म्हणाले, पाठ झाली, पण तुम्ही ती आचरणात आणली का? आणि त्यांनी मुलांना गावातील अनाथ व उपाशी माणसे शोधायला पाठविले. त्यांच्या पत्नी सिती वालिदा यांच्या पुढाकाराने १९१७ साली स्त्रियांसाठी 'आयिशिया' ही शाखा निघाली. त्या खोलीतून निघालेली संस्था आज हजारो शाळा, अनेक इस्पितळे आणि दीडशेहून अधिक विद्यापीठे व महाविद्यालये चालविते.

चौथे नाव की हजर देवांतारा यांचे. १९१३ साली डच लोकांनी नेपोलियनच्या अमलातून आपण सुटलो त्याची शताब्दी साजरी करण्याचे ठरविले, आणि त्यासाठी बेटांवरील प्रजेकडूनही वर्गणी गोळा होऊ लागली. तेव्हा या तरुणाने एक लेख लिहिला. मी डच असतो तर ज्यांचे स्वातंत्र्य आपण हिरावून घेतले त्यांच्याच भूमीवर, त्यांच्याच पैशाने, माझ्या स्वातंत्र्याचा उत्सव केला नसता, असा त्याचा आशय होता. लेखाबद्दल त्यांना हद्दपारी झाली. परत आल्यावर १९२२ साली त्यांनी योग्यकर्ता येथे 'तामान सिस्वा', म्हणजे विद्यार्थ्यांचा बगीचा, ही राष्ट्रीय शाळा काढली. रवींद्रनाथ टागोरांनी १९२७ साली जावाच्या प्रवासात या शाळेला भेट दिली होती. १९३२ साली सरकारने परवान्याशिवाय चालणाऱ्या खासगी शाळांवर बंदीचा हुकूम काढला, तेव्हा देवांतारांनी त्याला शांततेने पण ठाम विरोध केला. शेवटी सरकारलाच हुकूम मागे घ्यावा लागला. त्यांचा जन्मदिवस, २ मे, हा इंडोनेशियाचा शिक्षणदिन आहे.

या शाळांतून व चळवळींतून तयार झालेल्या तरुणांनी २८ ऑक्टोबर १९२८ रोजी एक देश, एक राष्ट्र आणि एक भाषा अशी शपथ घेतली. ती भाषा कोणती, हे पाहण्यासारखे आहे. जावानी बोलणारे संख्येने सर्वांत जास्त, त्यांचे साहित्यही जुने व संपन्न. पण राष्ट्रभाषा म्हणून निवडली गेली ती मलायी, म्हणजे बंदरा-बंदरांत बोलली जाणारी व्यापाराची साधी भाषा. मोठ्या गटाने आपल्या भाषेचा आग्रह धरला नाही. म्हणून लहान बेटांवरील लोकांनाही ती भाषा आपली वाटली.

रमजानमधील शुक्रवार

१९४२ साली जपानने डचांना हुसकावून बेटे ताब्यात घेतली. साडेतीन वर्षे जनतेने वेठबिगार व उपासमार सोसली. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली. डच परत येण्यापूर्वीच स्वातंत्र्य जाहीर करावे, म्हणून तरुण अधीर झाले होते. सुकार्नो व मोहम्मद हट्टा हे वडीलधारे नेते विचार करीत होते. शेवटी १६ तारखेच्या पहाटे तरुणांनी दोघांना उचलून शहराबाहेर रेंगासदेंगक्लोक येथे नेले. रात्री तडजोड होऊन सर्वजण परतले आणि माएदा नावाच्या जपानी नौदल अधिकाऱ्याच्या घरी बसून घोषणेचा मजकूर तयार केला.

मजकूर होता अवघ्या दोन वाक्यांचा. पहिल्या वाक्यात स्वातंत्र्याची घोषणा. दुसऱ्यात, सत्तांतराची कामे व्यवस्थितपणे व शक्य तितक्या लवकर उरकली जातील, एवढेच. सुकार्नोंनी तो हाताने लिहिला, त्यात खाडाखोड केली. सायुती मलिक यांनी टंकलिखित केला. हस्तलिखित कागद कचऱ्यात गेला होता. बी. एम. डिया या तरुण पत्रकाराने तो उचलून ठेवला आणि १९९२ साली सरकारच्या स्वाधीन केला. ज्या चिठोऱ्याला त्या रात्री कोणी किंमत दिली नाही, तो आज राष्ट्राचा ठेवा आहे.

१७ ऑगस्ट १९४५. वार शुक्रवार, महिना रमजानचा, तारीख ९. सुकार्नोंच्या घराच्या अंगणात सकाळी दहा वाजता घोषणा वाचण्यात आली. सुकार्नो तापाने फणफणलेले होते. त्यांच्या पत्नी फातमावती यांनी शिवलेला लाल-पांढरा झेंडा एका बांबूवर चढविण्यात आला. बँड नव्हता, तोफा नव्हत्या. १९ सप्टेंबर रोजी मात्र राजाच्या चौकातील इकादा मैदानावर हजारो लोक जमले. सभोवार जपानी संगिनी होत्या. सुकार्नो काही मिनिटेच बोलले. लोकांना शांतपणे घरी जाण्यास सांगितले, आणि लोक गेले. राजाचा चौक खऱ्या अर्थाने स्वातंत्र्याचा चौक झाला तो त्या दिवशी.

सात शब्द

या सर्व घटनांमध्ये आपल्या दृष्टीने सर्वांत विचार करण्यासारखी घटना १८ ऑगस्टची आहे. त्या दिवशी राज्यघटना मंजूर व्हायची होती. जूनमध्ये नऊ जणांच्या समितीने तिची प्रस्तावना तयार केली होती. नऊपैकी आठ मुसलमान व एक ख्रिस्ती. प्रस्तावनेत ईश्वरावरील श्रद्धेच्या तत्त्वाला जोडून, मुसलमानांवर शरीअत पाळण्याचे बंधन राहील, अशा अर्थाचे शब्द होते. मूळ भाषेत ते सात शब्द आहेत.

१७ तारखेच्या संध्याकाळी हट्टांकडे निरोप आला की हे शब्द राहिले तर पूर्वेकडील बेटांवरील ख्रिस्ती लोक या प्रजासत्ताकात येण्यास तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी बैठकीपूर्वी हट्टांनी मुस्लिम नेत्यांना बाजूला घेऊन बोलणी केली. त्यांत की बागुस हादिकुसुमो होते. दहलान यांनी स्थापिलेल्या त्याच मुहम्मदियाचे ते त्या वेळी अध्यक्ष होते. ते सहजासहजी राजी झाले नाहीत, आणि त्यांचा आग्रह प्रामाणिक होता. परंतु देशाचे तुकडे होऊ नयेत म्हणून शेवटी त्यांनी संमती दिली. सात शब्द गाळले गेले आणि त्या जागी 'एकमेव परमेश्वरावरील श्रद्धा' एवढे शब्द आले.

या निर्णयावर त्या देशात पुढे अनेक वर्षे वाद झाला, आणि आजही मतभेद आहेत. इतिहास शिकताना दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्यांची संख्या दहात नऊच्या जवळपास होती, त्यांनी मतदानाचा आधार घेतला नाही. मते मोजली असती तर ते जिंकले असते, पण पूर्वेकडील बेटे गमावून बसण्याची धास्ती होती. स्वतःच्या श्रद्धेत तसूभरही कमी न करता त्यांनी शेजाऱ्याच्या भीतीची दखल घेतली. बलवानाचा संयम काय करू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

भारताशी नाते

घोषणा झाली तरी स्वातंत्र्य लगेच हाती आले नाही. दोस्त राष्ट्रांतर्फे ब्रिटिश फौजा उतरल्या आणि त्यांच्यात मोठा भरणा हिंदी सैनिकांचा होता. सुराबाया बंदरात उतरलेल्या ४९ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. आपल्या खेड्यापाड्यांतील जवान दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यलढ्यासमोर परक्यांच्या हुकमाने उभे केले गेले. ३० ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून शहरावर मोठा हल्ला झाला. तो दिवस तेथे वीरांचा दिवस म्हणून पाळतात. हिंदी सैनिक असे वापरण्याचा पंडित नेहरूंनी व काँग्रेसने जाहीर निषेध केला. काही हिंदी सैनिक, त्यांत बरेचसे मुसलमान, पलटण सोडून प्रजासत्ताकाच्या बाजूला गेले.

या कटू प्रसंगाची भरपाई पुढे झाली. १९४६ साली भारतात अन्नटंचाई असताना, स्वतः नाकेबंदीत असलेल्या इंडोनेशियाचे पंतप्रधान शाहरीर यांनी पाच लाख टन तांदूळ देऊ केला. १९४७ साली बिजू पटनायक यांनी धोका पत्करून आपले विमान जावात उतरविले व शाहरीर यांना बाहेर काढून दिल्लीस आणले. डचांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुन्हा हल्ला करून सुकार्नो व हट्टा यांना कैद केले, तेव्हा जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांना सार्वभौमत्व सोपवावे लागले. त्यानंतर महिन्याभरातच, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून सुकार्नो उपस्थित होते.

मनोरा

आता मनोऱ्याकडे येऊ. १९५५ साली आराखड्यांची स्पर्धा झाली. ५१ आराखडे आले. त्यांत फ्रेडरिक सिलाबान यांचा एकच अटींना उतरला. १९६० साली पुन्हा स्पर्धा झाली. १३६ आराखडे आले, एकही पसंत पडला नाही. सुकार्नोंच्या मनात बेटांच्या प्राचीन संस्कृतीतील लिंग व शाळुंका यांचा आकार होता. सिलाबान यांनी आराखडा केला तो फारच भव्य व खर्चिक. लहान करा म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. देशाची आर्थिक स्थिती सुधारेपर्यंत थांबावे, असे सुचविले. सुकार्नो थांबायला तयार नव्हते. त्यांनी काम सुदार्सोनो या स्थापत्यकाराकडे सोपविले. १७ ऑगस्ट १९६१ रोजी बांधकामास आरंभ झाला.

खाली पसरट पेल्यासारखा चौथरा आणि त्यातून वर गेलेला निमुळता स्तंभ, असे त्याचे रूप आहे. जाणकारांना त्यात लिंग व शाळुंका दिसते, तर शेतकऱ्याला घरातील उखळ आणि भात कांडायचे मुसळ. दोन्ही अर्थ बांधणाऱ्यांना मान्य होते. मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशाने आपल्या स्वातंत्र्याच्या स्तंभासाठी पूर्वजांच्या हिंदू-बौद्ध काळातील आकार घेतला, आणि त्यामुळे आपल्या धर्माला उणेपणा येतो असे त्यांना वाटले नाही.

मोजमापेही अर्थपूर्ण आहेत. पेल्यासारखा चौथरा जमिनीपासून १७ मीटर उंच आहे. संग्रहालयाच्या जमिनीपासून पेल्याच्या तळापर्यंत ८ मीटर अंतर आहे. आणि चौथरा ४५ मीटर लांब व ४५ मीटर रुंद आहे. विद्यार्थी मित्रांनो, हे तीन आकडे ओळीने मांडा : १७, ८, ४५. सतरा ऑगस्ट पंचेचाळीस! स्तंभावर ११५ मीटर उंचीवरून शहर पाहता येते. सर्वांत वर ब्राँझची ज्योत आहे. ती १४ मीटर उंच व साडेचौदा टन वजनाची. तिच्यावर आरंभी सुमारे ३५ किलो सोन्याचा पत्रा चढविला होता. १९९५ साली स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात तो ५० किलो करण्यात आला.

पण सर्वांत मोलाची वस्तू वर नाही. ती पेल्याच्या आतील शांत दालनात आहे. तेथे सोनेरी मुलाम्याचे ब्राँझचे जड दार आहे. ते हळूहळू उघडते, संगीत वाजते आणि सुकार्नोंच्या आवाजात घोषणा ऐकू येते. हा आवाज घोषणेच्या दिवशीचा नव्हे; तो काही वर्षांनी आकाशवाणीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला आहे. दारामागे त्या दोन वाक्यांचा मजकूर जपला आहे. एवढा मनोरा, एवढे सोने, आणि हे सारे कशासाठी? दोन वाक्यांसाठी!

समोरासमोर

चौकाच्या ईशान्येला इस्तिक्लाल मशीद आहे. इस्तिक्लाल म्हणजेही स्वातंत्र्य. तिच्या आराखड्याच्या स्पर्धेत नावे गुप्त ठेवून परीक्षण झाले, आणि निवड झाली ती सिलाबान यांची. सिलाबान हे सुमात्रातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. त्यांचा आराखडा कोणी बदलला नाही. मशिदीच्या मुख्य घुमटाचा व्यासही ४५ मीटर आहे. जागा निवडली ती डचांच्या जुन्या किल्ल्याची, १९०१ साली पूर्ण झालेल्या कॅथीड्रलच्या समोर. १९६१ साली कोनशिला बसली आणि २२ फेब्रुवारी १९७८ रोजी उद्घाटन झाले. आता मशीद व कॅथीड्रल यांना जोडणारा भुयारी मार्गही झाला आहे. त्याचे नाव 'सिलातुर्रहीम', म्हणजे स्नेहसंबंध. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मशिदीला भेट दिली, तेव्हा इमाम नसरुद्दीन उमर यांनी त्यांचे स्वागत केले.

जे स्मारकात नाही

आता तिसरा प्रश्न. स्मारक काय सांगत नाही?

मनोरा बांधला जात असताना देशात महागाईने कहर केला होता. १९६५-६६ साली भाव वर्षाला सहाशे टक्क्यांच्या आसपास वाढत होते. सोन्याच्या ज्योतीखाली लोक तांदळाच्या रांगेत उभे होते, हे तळघरातील देखाव्यांत दिसत नाही. ३० सप्टेंबर १९६५ च्या उठावानंतर कम्युनिस्ट म्हणून किमान पाच लाख माणसे मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तो देखावाही तेथे नाही. सुकार्नोंची सत्ता गेली. १९७० साली ते नजरकैदेत वारले. १२ जुलै १९७५ रोजी सुहार्तो यांनी स्मारक लोकांना खुले केले. ज्याने आरंभ केला त्याला उद्घाटन पाहायला मिळाले नाही, आणि इतिहासाचे देखावे मांडले गेले ते नव्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने. सुहार्तो यांनाही १९९८ साली पायउतार व्हावे लागले.

संयमाचा धडाही एकदा गिरवला की कायमचा पाठ होतो असे नाही. २ डिसेंबर २०१६ रोजी याच मोनासच्या मैदानावर लाखो लोक जमले. त्यांची मागणी होती, जकार्ताचे ख्रिस्ती व चिनी वंशाचे गव्हर्नर बासुकी पुर्नामा यांच्यावर धर्मनिंदेबद्दल कारवाई करावी. पुढील वर्षी ते निवडणूक हरले आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. १९४५ साली ज्या शेजाऱ्याच्या भीतीची दखल घेतली गेली, तो शेजारी त्या दिवशी पुन्हा भयभीत झाला असेल. स्मारक दगडाचे असते म्हणून टिकते. पण त्याचा अर्थ टिकवायचा तर प्रत्येक पिढीला तो नव्याने शिकावा लागतो.

२०२२ साली कायदा करून इंडोनेशियाने कालिमंतान बेटावर नुसंतरा ही नवी राजधानी वसविण्याचे ठरविले. राजधानी उद्या हलली तरी मनोरा जकार्तातच राहील, आणि त्याच्या तळघरातील शाळांचे देखावेही.

पालक बंधुभगिनींनो, या इतिहासातून आपण काय घ्यावे? आपण वेगळ्या देशाचे नागरिक. आपली घटना वेगळी, आपली परिस्थिती वेगळी. भारतात आपली संख्या कमी, तेथे ती जास्त. पण संख्या ही कोणाच्याही आयुष्यात सर्वत्र सारखी नसते. देशात कमी असलेला माणूस आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घरात, आपल्या वर्गात बलवान असू शकतो. घरात आपला शब्द चालतो तेव्हा बाराव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलीचे आपण ऐकतो का? वर्गात आपण पुष्कळ असतो तेव्हा एकट्या पडलेल्या मुलाला जागा देतो का? १८ ऑगस्टचा धडा दूरच्या बेटांवरचा खरा, पण तो घरातही गिरवता येतो.

आणि दुसरी गोष्ट क्रमाची. तेथे आधी कार्तिनीची पत्रे आली, दहलान यांची बाके आली, देवांतारांचा बगीचा आला. मग शपथ आली, घोषणा आली, आणि सर्वांत शेवटी सोन्याची ज्योत आली. हा क्रम उलटा करून कोणताही समाज उभा राहिलेला नाही. योग्यकर्त्याच्या त्या खोलीत बाकांवर बसलेल्या मुलांना आपण एका राष्ट्राचा पाया घालीत आहोत, याची कल्पनाही नसेल. ती बेरीज-वजाबाकी शिकत होती, एवढेच.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे कोणतेही स्मारक पाहायला गेलात तर त्याच्या शिखराकडे जरूर पाहा. पण परत फिरण्याआधी त्याच्या पायाशीही थोडा वेळ उभे राहा, आणि ते तीन प्रश्न विचारा.